भिंतीला आठ भोकं

सर,

तुमच्या घराच्या भिंतीला मी आठ भोकं पाडली आहेत. प्रत्येक भोक चार इंच खोल, थेट काँक्रीटमध्ये, दोन-दोन फुटांवर. तुम्हाला जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली, त्यामुळे ड्रिलचा आवाज तुमच्यापर्यंत आला नसेल. तो यावा अशी माझी फार इच्छा होती. गेल्या महिन्यात तुमच्या मुलाचा फोन आला. सुरतेतच, पर्वत पाटियाच्या मागच्या सोसायटीत घर आहे, ओटा पश्चिमेला आहे, दुपारनंतर आईला बाहेर बसता येत नाही, तेव्हा भिंतीला धरून पर्गोला, म्हणजे वर उघड्या पट्ट्यांचा मांडव, करायचा आहे म्हणाला. माझ्या हाताशी कामं भरपूर होती, मी नाहीच म्हणणार होतो. मग त्याने आडनाव सांगितलं. मी विचारलं, वडील मराठी शाळेत मुख्याध्यापक होते का? तो खूश झाला. "हो ने, तुम्ही ओळखता पप्पांना?" मी म्हणालो, चांगला ओळखतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन तुमच्या दारात हजर झालो.

मी कोण ते सांगतो, कारण तुम्हाला आठवणार नाही. नववीच्या वर्गात खिडकीला लागून बसणारा, डिंडोलीहून चालत येणारा. वडील लूम्सच्या खात्यात, यंत्रमागांवर, रात्रपाळी करायचे, बारा बारा तास. शाळेच्या वाटेवर एक फॅब्रिकेशनचं दुकान होतं आणि आठवड्यातले दोन दिवस मी शाळा बुडवून तिथे वेल्डिंग बघत बसायचो. चूक माझी होती, ती मी तेव्हाही नाकारली नाही. एकदा वेल्डिंगच्या झगमगाटाने डोळे लाल होऊन वर्गात आलो, तुम्ही पकडलंत आणि वडिलांना बोलावणं धाडलंत. एप्रिल महिना होता. वडील खात्यातून सुटले ते घरी न जाता सरळ शाळेत आले, सकाळी साडेसातला. केसांवर, भुवयांवर धाग्याचा पांढरा भुसा, पायाला मशीनचं तेल. पडवीच्या पायरीवर त्यांनी पाऊल ठेवलं आणि तुम्ही ऑफिसच्या दारातून म्हणालात, "तिथेच थांबा. आत्ताच फरशी पुसली आहे." ते खाली उतरून पटांगणात उभे राहिले. पडवीची सावली त्यांच्यापासून चार पावलांवर आहे. मी खिडकीतून बघतो आहे. पहिला तास संपतो, दुसरा सुरू होतो, ऊन चढत जातं, आणि रात्रभर यंत्रापुढे उभा राहून आलेला तो माणूस एकदाही खाली बसत नाही.

दहाला मधली सुट्टी झाली तेव्हा तुम्ही बाहेर आलात, तेही पडवीपर्यंतच. भोवती सगळी शाळा जमलेली. तुम्ही म्हणालात, "याचं नाव काढून घ्या. वर्ग नासवण्यापेक्षा याने लोखंड कापावं. तुम्हा लोकांना दोन हात असले की झालं, शाळा कशाला?" वडिलांनी हात जोडले, आमच्या अहिराणीत म्हणाले, "मास्तर, पोऱ्याले काढू नका. मी त्याले समजाडसू." आणि तुम्ही हसून म्हणालात, "आधी तुम्ही नीट मराठी बोलायला शिका." सगळी पोरं हसली. वडील मला घेऊन घरी आले. नंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. डूख धरला तो मी. पस्तीस वर्षं धरला. आणि तुमचं भाकीत खरं झालं, सर, मी लोखंडच कापतो. माझा स्वतःचा कारखाना आहे, हाताखाली सहा माणसं आहेत, तरी तुमचं म्हणणं खरं ठरलं हे मला आजही खुपतं. खोटं ठरवायचं म्हणून दुसरा धंदा करावा, तर मला दुसरं काही आवडत नाही.

तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये पर्गोल्याचे पन्नासेक फोटो होते, बहुतेक लाकडाचे, थंड देशातले. मी त्याला सांगितलं, सुरतच्या दमट हवेत आणि वाळवीत हे लाकूड किती टिकेल याची हमी मी देणार नाही. अॅल्युमिनियम दिसायला छान, पण तुमच्या बजेटमध्ये पत्रा पातळ येईल आणि वाऱ्यात वाजत राहील. लोखंडाचे चौकोनी पाइप घ्या, आधी झिंक प्रायमर, वर गडद तपकिरी रंग, दर दोन वर्षांनी हात मारा. एक लांब पाइप भिंतीला बोल्टने आवळायचा, समोर दोन खांब, मध्ये आडवे पाइप आणि वर पट्ट्या. पट्ट्या सरळ न लावता पश्चिमेकडे कलत्या लावल्या की तीननंतरचं ऊन अडतं आणि हवा खेळती राहते. तो वर प्लास्टिकचं शीट टाका म्हणत होता. मी म्हणालो, मग खाली आई उकडून निघेल. त्याला पटलं. तुमचा मुलगा ऐकणारा आहे, हे कुठून आलं कोण जाणे.

आता तुमच्यासाठी लिहितो आहे ते ऐका. भिंत ठोकून बघताना मला कळलं की दारावरच्या काँक्रीटच्या बीमवर सव्वा इंच जाड प्लास्टर आहे. दोन इंची बोल्ट वापरला तर तो जेमतेम टोकाने काँक्रीटला लागेल, बाकी सगळा भार प्लास्टरवर. लावताना घट्ट वाटेल, रंग मारल्यावर कोणाला कळणार नाही. एखाद्या पावसाळ्यात, एखाद्या वादळी संध्याकाळी, सगळं लोखंड भिंत सोलून खाली येईल आणि तुमच्या घराचं तोंड उघडं पडेल. आठ दिवस मी मनातल्या मनात हे मांडे खाल्ले. छोट्या बोल्टांचं खोकं टेम्पोत टाकलं, इथवर मजल गेली. मग दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे, खाली बसणार होत्या काकू, तुमच्या पत्नी. दुसरी म्हणजे, ते पडलं असतं तर लोक म्हणाले असते, असल्या माणसाच्या हाताला काम तरी नीट येतं का. म्हणजे पुन्हा तुमचंच बरोबर. तेवढं सुख मी तुम्हाला देणार नव्हतो.

म्हणून मी ते काम असं केलं की माझ्या कारखान्याचंही इतकं चोख केलेलं नाही. पाण्याच्या नळीने लेव्हल काढली. भोकांतली धूळ फुंकून फुंकून साफ केली, कारण धूळ राहिली की बोल्ट पकडत नाही. पाइप आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने बंद केली, पाणी मुरून तुमच्या भिंतीला ओल येऊ नये म्हणून. खांबांचा काटकोन तीन, चार, पाचच्या मापाने तपासला. ते मला तुम्हीच शिकवलं होतं, आठवीत, पटांगणात सुतळी धरायला लावून. "काटकोन म्हणजे काटकोन, एकोणनव्वद चालणार नाही." गेली तीस वर्षं गुण्या हातात घेतला की तो आवाज कानात येतो. दुसऱ्या कोणाचा आला असता तर बरं झालं असतं.

पण मी हात हलवत परत आलो असं समजू नका. दारावर त्याच बीमवर तुमची संगमरवरी पाटी होती. वर तुमचं नाव, खाली पदव्या, त्याखाली 'निवृत्त मुख्याध्यापक'. तुमच्या मुलाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पप्पांची पाटी हलवायची नाही हं." पाटीच्या खाली नऊ इंच काँक्रीट मोकळं होतं आणि माझा पाइप चार इंचांचा. आरामात बसला असता. मी त्याच्यापुढे पुन्हा टेप लावला, मान हलवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "इथे नाही जमणार, साहेब. पकड फक्त पाटीच्या जागीच मिळेल. आईच्या डोक्यावरचं काम आहे." आईचं नाव काढल्यावर तो काय बोलणार. पाटी मी माझ्या हाताने काढली, वेल्डरलाही हात लावू दिला नाही. कडेने छिन्नी फिरवली, हळूहळू सुटली, मागे भिंतीवर पांढरा चौकोन आणि पालीची दोन अंडी. त्या चौकोनावर पहिलं भोक पाडलं तेव्हा मला जे वाटलं त्याला मी समाधानच म्हणेन. चांगलं वगैरे काही नव्हतं त्यात.

काम झालं त्या दुपारी काकू खुर्ची घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. पट्ट्यांची सावली त्यांच्या पांढऱ्या साडीवर पडली होती. मी खाली अंगणात उभा राहून रंगाचे ठिपके पुसत होतो. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, मांडव तुम्ही घातलात आणि उन्हात तुम्हीच उभे? वर या, चहा ठेवलाय." मी विचार न करताच म्हणालो, "पाय खराब आहेत काकू, तेल आहे. फरशीला डाग पडतील." त्या म्हणाल्या, "पडू देत. फरशी पुसता येते हो." मी वर गेलो, चहा प्यालो, आणि त्या दहा मिनिटांत तुमचा जितका राग आला तितका शाळा सुटली त्या दिवशीही आला नव्हता. हे वाक्य तुमच्या घरात होतं, सर. तुम्ही रोज त्या बाईंच्या हातचं जेवून शाळेत येत होतात. निघताना त्यांनी विचारलं, "यांची पाटी लावून द्याल ना?" मी म्हणालो, पॉलिश करून आणतो. पाटी टेम्पोत, पोत्यात गुंडाळलेली होती.

आज रविवार, कारखाना बंद. सकाळी साडेसातला मी पाटी पोत्यातून काढली आणि फाटकाबाहेर, जिथे सकाळपासून ऊन असतं तिथे, विटेला टेकवून उभी केली. दहापर्यंत ठेवणार होतो, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. पोरकटपणा म्हणा. पस्तीस वर्षं थांबलेल्या माणसाला थोडा पोरकटपणा माफ असावा. मी आत सावलीत खुर्ची टाकून बसलो आणि तुमच्याकडे बघत राहिलो.

आठच्या सुमारास वडील कारखान्याला लागून असलेल्या आमच्या घरातून बाहेर आले. आता त्यांचं वय ऐंशीला टेकलं आहे, गुडघे गेलेत, डाव्या कानाने लूम्सच्या खडखडाटापायी ऐकूच येत नाही. त्यांनी पाटी पाहिली, वाकून अक्षर अक्षर जुळवत वाचली. "हाई मास्तरनी पाटी शे का?" मी हो म्हणालो. "आठे कशी उनी?" ती इथे कशी आली ते मी सगळं सांगितलं, मोठ्याने, उजव्या कानात. शाळेचा तो दिवस सांगितला, फरशी सांगितली, दहापर्यंत ही इथेच राहणार हेही सांगितलं. मला वाटलं हसतील, किंवा डोळ्यांत पाणी येईल, काहीतरी होईल. ते पुढे झाले. पाटीच्या बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी म्हणालो, दादा, आत चला, ऊन लागतंय. ते हलले नाहीत. मी खुर्ची नेऊन त्यांच्या मागे ठेवली, खांद्याला धरून बसवायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "मास्तर उभा शेतस. मी कसा बसू?"

मला इतका संताप आला, सर, तुमचा आणि त्यांचाही. तुमच्या पाटीपुढे सुद्धा माझा बाप बसायला तयार नाही. त्या दिवशीही ते म्हणूनच बसले नव्हते की काय, कोण जाणे. मी पुष्कळ समजावलं, एकदा ओरडलोही. त्यांच्या कपाळावर घाम आला, तरी उभेच. शेवटी त्यांना सावलीत आणायचं तर तुम्हाला आणण्यावाचून इलाज राहिला नाही. नऊ वाजता मी पाटी उचलली आणि आत आणून कारखान्याच्या भिंतीला टेकवली. मागोमाग ते आले, पाटीकडे बघून एकदा मान लववली, आणि घरात जाऊन पडले. आता घोरत आहेत.

पाटी मी परत लावणार आहे, उद्याच. त्या नऊ इंचांत ती बरोबर बसते, माप घेतलं आहे. वर माझा पाइप, खाली तुमचं नाव, माझ्या पट्ट्यांच्या सावलीत, कायमचं. तुमच्या दाराशी येणाऱ्या माणसाने मान वर केली की आधी माझं लोखंड दिसेल. एवढ्याने माझं पोट भरत नाही. दहाला एक तास कमी होता आणि तो तास मी तुम्हाला सोडलेला नाही. हे सगळं मापाच्या वहीत लिहितो आहे, तुमच्या ओट्याच्या आकृतीच्या मागच्या पानावर, आणि ते वहीतच राहील. पाठवायला पत्ता एकच आहे आणि तिथे दार काकू उघडतात. शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या असू देत. एकच सांगायचं राहिलं. लिहायला म्हणून मी खुर्ची पाटीसमोर ओढली होती, तुमच्या तोंडावर लिहावं म्हणून. दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. शेवटी पाटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, तेव्हा कुठे मला बसता आलं.