संध्याकाळच्या गाडीपर्यंत

हिमायतनगर, हैदराबाद
१८ नोव्हेंबर १९४८

प्रिय केशव,

तुझे नांदेडहून आलेले कार्ड पोचले. इकडे आम्ही ठीक. काकूचा खोकला उतरला आहे. आईच ती, तुरुंगात बिघडलेल्या तुझ्या कानाचे रोज विचारते.

थंडी लवकर पडली. मी हॉकी सोडली. गुडघा दुखतो असे सगळ्यांना सांगतो. गुडघा बरा आहे.

परवा कोठीत एका दुकानदाराने मला हार घातला. तुरुंगातून सुटलेले केशवराव तो मलाच समजला. मी तो तसाच घरी आणला. काकू म्हणाली, "दोघा भावांनी हट्टाने आपापल्या पोराला आजोबांचे नाव दिले. एक तुरुंगात गेला, एक मैदानात. अदलाबदल झाली असती तर दोघे सुधारले असते." ती हसली. मला हसता आले नाही.

तू लिहितोस की रविवारी कार्यकर्त्यांच्या बैठकीत एकनाथरावांचे नाव खबऱ्या म्हणून मांडणार. गाडीने निसटायचा तुझा बेत त्यांना आणि मलाच ठाऊक होता, आणि मी तर पोलिसांच्या ताब्यात होतो. शाळेने त्यांना आताच घरी बसवले आहे. बरकतपुऱ्यात लोक त्यांच्या दारावरून मान वळवून जातात. मीही गेलो.

जानेवारीत तुझा निरोप त्यांनीच आणला होता. तुझ्या वॉरंटावर नुसते नाव-आडनाव आहे, पोलीस चुकून मला नेतील. नेले की काचीगुडा स्टेशनवरचा पहारा उठेल. तुझी संध्याकाळची गाडी सुटेपर्यंत मी वडिलांचे नाव सांगायचे नाही. एवढेच काम होते.

सकाळी नेले. कोणी हात लावला नाही, हे तुला कळावे. दुपारी ठाण्याचे अमीनसाहेब आले. त्यांनी माझे सामने पाहिले होते. चहा मागवला. म्हणाले, "तुम तो खेलने वाले दिखते मियाँ. बाप का नाम बोलो और मैदान पे जाओ. काइकू बैठे यहाँ?"

पाच वाजता अंतिम सामना होता. मी दत्तात्रय म्हणालो.

पहारा पुन्हा स्टेशनवर गेला. तुला फलाटावर धरले तेव्हा मी खेळत होतो. दोन्ही गोल माझे.

सुटून आलास तेव्हा मी सांगितले, मला रात्री आठला सोडले. तू बराच वेळ माझा हात धरून बसलास.

गोल कोणी केले ते एकनाथरावांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले होते. काल त्यांच्याकडे गेलो. इतके दिवस गप्प का राहिलात, विचारले. ते म्हणाले, "मुलगा तुरुंगात, आणि तुमच्या काकू सावित्रीबाई तुमच्याच घरी जेवत होत्या. त्यांना हे कोणी सांगायचे?"

आज सकाळी काकूला मी सांगितले. तिने समोरचे ताट बाजूला सारले. आता कपडे बांधते आहे. उद्याच्या गाडीने ती तुझ्याकडे येते. हे पत्र तिच्याच हाती देतो.

ते बैठकीत वाचून दाखव. त्याआधी एकनाथरावांना चार ओळी लिही. मला नाही लिहिल्यास तरी चालेल.

काकूला उतरवून घ्यायला स्टेशनवर ये. मला डब्यापर्यंतसुद्धा यायला तिने नाही म्हटले आहे.

केशव