चुलाणाशेजारच्या खोलीबाबत

मी, सोहनबाई उमेदमल ओस्तवाल, वय ७१, राहणार शहादा, कोणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगते आणि वकील लिहून घेतात. उजवे अंग लुळे आहे, जीभ जड आहे, डोके शाबूत आहे. मुलगा अंकित कोर्टात उलटे सांगेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर आणि गुऱ्हाळ माझ्या नावावर आहेत. उसाचे चिपाड विकून चुलाणात जुने टायर जाळायची अक्कलही माझीच. किडामुंगी मरू नये म्हणून आम्ही पाणी गाळून पितो. धुराचा विचार घरात कोणी केला नाही.

२. जाळ घालणारा भीमसिंग एक्केचाळिसाव्या वर्षी मेंदूतली नस फुटून गेला. दारूने गेला, असे मी गावभर सांगितले. तो पीत नव्हता. त्याची बायको फुलीबाई आज मला भरवते. माझे सगळे दागिने तिला. तिने आभार मानू नयेत, हव्या तर शिव्या द्याव्यात.

३. मला लकवा झाला तेव्हा धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, बी.पी. होताच, त्यात ही बारीक काजळी फुप्फुसातून रक्तात उतरते, नसा कडक होतात, गुठळी धरते. धुराचे नाव काढताच अंकित हसला. "धूरघाई कोणी मरस का? तुन्हं वय व्हई गयं, माय." त्याच आठवड्यात सूनबाई चांदनीने आपल्या खोलीत हवा शुद्ध करायचे यंत्र बसवले. माझी खाट चुलाणाशेजारीच राहिली.

४. म्हणून घर आणि गुऱ्हाळ अंकितला, अटीवर. जाळ त्याने स्वतः घालावा, मजूर ठेवू नये. झोपावे माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर, यंत्राविना. अट मोडली की दोन्ही फुलीबाईचे.

५. अंकित, परवा चहा तुझ्या ओठाच्या कडेने ओघळला. किल्ली हातातून दोनदा निसटली. माझे असेच सुरू झाले होते, लकव्याच्या आठ दिवस आधी. फुलीबाई म्हणाली, "शेठानीबाई, भाऊले सांगी द्या." मी तिला गप्प बसवले. तुझ्यावर माझा जीव आहे, तरी सांगितले नाही. हे पाकीट माझ्यामागेच उघडावे.

डाव्या अंगठ्याचा ठसा: सोहनबाई उमेदमल ओस्तवाल
साक्षीदार: १) नवल भिका पाटील, सही २) फत्तेसिंग रावत्या वळवी, सही
शहादा, १४ जानेवारी २०२५