स्प्रेचा डबा

१९ डिसेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी इकडे बरा आहे, तूही असशील. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. अण्णा गेल्याचं कळवलं होतं, त्यानंतर हेच पत्र. तेव्हा तू आला नाहीस, ते बरोबरच होतं.

काम गाडीचं आहे. आपला ट्रक सकाळी उठत नाही. बॅटरी नवी आहे, सेल्फ स्टार्टर जोरात फिरतो, डिझेलही येतं, पण सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर. दुपारी उन्हात मात्र स्वारी एका चावीत सुरू. इथले नवे मिस्त्री गाडीचं वय विचारतात आणि लॅपटॉप मिटून निघून जातात. म्हणून तुला विचारतो, थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग गेले असतील का?

तुझी वहिनी लेकीकडे राहते, नातवंडांत रमली आहे. घरात मी एकटा. सकाळी गाडी सुरू झाली की निदान आवाज तरी होतो. काल दुकानदाराने नुसतं ‘बरे आहात ना’ विचारलं, तर मी पाऊण तास त्याचं डोकं खाल्लं. बिचारा दोनदा शटर ओढायला उठला.

२० डिसेंबर

पत्र काल टाकलं नाही. आज तुझ्या पद्धतीने प्लग तपासले. वरची पट्टी सोडवली, बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावली. सहापैकी दोन प्लगवरच बल्ब पेटला. चार नवे आणून बसवले, तरी गाडी ढिम्म. मग पाहिलं तर प्लगपर्यंत करंटच येत नव्हता. प्लगना करंट सोडणारा रिले नुसता टक् करतो, पुढे काही सोडत नाही. तू असतास तर आधी रिले पाहिला असतास.

तेवढ्यात शेजारचा वेल्डर थंड इंजिन उठवायच्या स्प्रेचा डबा घेऊन आला. म्हणाला, “एअर फिल्टरमध्ये एक फवारा मारा, लगेच उठेल.” डबा हातात घेतला आणि तसाच त्याला परत दिला.

आता लिहितोच. पिस्टन फुटला त्या सकाळी फवारा मी मारला होता. तू हीटर चालू करून, वीस अंक मोजा असं सांगून पाणी आणायला गेलास. मला घाई होती. हीटर तापलेले असताना स्प्रे मारायचा नाही, हे तू मला शंभरदा बजावलं होतंस. मी मारला आणि सेल्फ दिला. स्प्रे आत पेटला, थाडकन आवाज झाला, पिस्टन गेला. अण्णा धावत येईपर्यंत मी डबा तुझ्या हत्यारांच्या पेटीत टाकला होता.

अण्णांना तो तिथेच सापडला, आणि तू पाणी घेऊन आल्यावर ते तुला सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, “पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा नाही.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिलो. त्यानंतर गल्लीत कोणी तुझ्या हातात पाना दिला नाही, हे मी रोज बघत होतो. तू गाव सोडलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला फार लाज वाटते.

अण्णांना सांगेन सांगेन म्हणत राहिलो. आपले वडील, पण शेवटपर्यंत तुलाच दोषी समजून गेले. हे आता मला दुरुस्त करता येणार नाही.

२१ डिसेंबर

रिले बदलला. वीसपर्यंत मोजलं, चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वेल्डरने टाळी वाजवली, समोरचा चहावालाही बाहेर आला. पिस्टन फुटला त्या दिवशीही ते दोघे तिथेच उभे होते. मी इंजिन बंद केलं आणि त्यांना सांगितलं, पिस्टन मी फोडला होता, धाकट्याने नाही. चहावाला आत गेला. वेल्डर म्हणाला, “त्याला सांगितलंत का?”

म्हणून आज हे पत्र टाकतो आहे. गाडी सुरू झाली, तेव्हा मदतीला ये असं म्हणायला आता निमित्त उरलं नाही. तरी ये. भांडायला ये. नाहीच आलास, तर समजेन की तेवढं माझ्या वाट्याचंच आहे.

ज्याच्या चुकीपायी तू घर सोडलंस,
तो तुझा थोरला भाऊ