विरघळणाऱ्या ठिगळाबद्दल व्याहीबुवांना

आदरणीय व्याहीबुवा,

आपल्याला नमस्कार आणि विहीणबाईंच्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. (उजवा बरा आहे असं कळलं.) फोनवर आपण मला सलग दोन वाक्यं बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. इथे मध्येच बोलायची सोय नाही.

विषय आपल्या नातीच्या हृदयातल्या भोकाचा. ऑपरेशनला शुक्रवारची तारीख मिळाली आहे, पण आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, सही करत नाहीत. कुणीतरी दीडशहाण्याने त्यांच्या डोक्यात भरवलंय, की विरघळणारी वस्तू पोरीच्या काळजात बसवणं म्हणजे शुद्ध फसवणूक. तेव्हा परवा मुलीबरोबर आणि नातीबरोबर मी स्वतः दवाखान्यात गेलो. मी शिवण कुठल्या शाळेत शिकलो नाही, जुने कोट उसवून उसवून शिकलो. त्यामुळे वस्तू आतून बघितल्याशिवाय मला पटत नाही.

डॉक्टरीणबाई आपल्या सुनेच्याच वयाच्या. त्यांनी नमुना हातात दिला: दोन इवल्याशा छत्र्या, पाठीला पाठ लावलेल्या. मांडीच्या शिरेतून बारीक नळीने आत न्यायच्या, भोकाच्या अलीकडे एक उघडायची, पलीकडे एक. छाती कापायची नाही. भोक केवढं, विचारलं. म्हणाल्या, नऊ मिलिमीटर. मी विचारलं, शिलाई धरून की सोडून? (मुलीने टेबलाखालून माझा पाय दाबला. पाय दाबून मापं कळत नाहीत.) मग गळ्यातली टेप काढून छत्री मोजली: भोकापेक्षा रुंद, कडा धरायला जागा सोडलेली. बाईंचं माप बरोबर होतं, हे इथे नमूद करतो.

आता मुद्दा. मी म्हटलं, बाई, माझं ठिगळ मूळ कापडापेक्षा जास्त टिकतं, आणि तुमचं दोन-तीन वर्षांत गायब? तर त्या म्हणाल्या, "काका, कोट जोडताना तुम्ही पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालता ना? पक्की शिलाई झाल्यावर ते तसेच ठेवून गिऱ्हाइकाला देता का?"

व्याहीबुवा, मी अगदी हेच म्हणणार होतो. (मुलगी म्हणते, मी छत्री पुन्हा मोजायला घेतली. खात्री केलेली बरी.) छत्रीवर पोरीच्या अंगाचंच अस्तर चढतं, भोक बुजतं, मग सांगाडा हळूहळू विरतो. धातूची छत्रीही चालते, पण ती जन्मभर आत. पुढे कधी हृदयाच्या ज्या पडद्याला भोक आहे त्याच पडद्यातून दुसरं काही करायचं झालं तर मध्ये येते. पद्धत नवी आहे, वर्षानुवर्षं तपासत राहावं लागेल, हेही बाईंनी न विचारता सांगितलं. एवढं सगळं ऐकून आपली नात म्हणाली, "भोक म्हणजे काजच ना? मग बटण लावून टाका." आणि माझ्या मांडीवर आडवी झाली. एक जिना चढून आल्याची धाप अजून उतरली नव्हती.

तरी आपण चिरंजीवांना चार शब्द सांगावेत. आपला शब्द ते मोडत नाहीत.

आपला,
पोरीचा आईकडचा आजोबा

ता. क. : तो दीडशहाणा कोण, याची चौकशी करू नये.

ता. क. दुसरा : बरं. मागच्या रविवारी जावयांना छातीठोकपणे "लोखंड ते लोखंड" असं मीच सांगितलं. नमुना न बघता. आता मागे घ्यायला तोंड उघडत नाही. तेव्हा आपणच सांगा, माझं नाव न घेता.

ता. क. तिसरा : नाव न घेता ऐकलं नाही तर नाव घ्या. सासऱ्याचं चुकलं म्हणा, सासऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही म्हणा. सही गुरुवारी दुपारी बाराच्या आत लागते.