सहावं प्रकरण कोरं परत आलं

डुलुथ, मिनेसोटा
१० ऑक्टोबर १९९१

प्रिय रसेल,

पत्र पोचलं. तुझा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. इथे सरोवरावरचा वारा सुरू झालाय, वाफेच्या अंघोळीचा सौना रोज पेटतो, आणि मी आपल्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मानकाच्या नव्या आवृत्तीत गळ्यापर्यंत बुडाले आहे.

मानक समितीचं उत्तर कधी येणार, असं विचारलंयस. येईल. आधी माझं ऐक.

बंदरावरच्या धान्यकोठारात ऑगस्टमध्ये काय झालं ते तुला ठाऊक आहे. धान्य वाहणाऱ्या पट्ट्यावरच्या वजनाची बेरीज संगणकाच्या आवाक्याबाहेर गेली की पट्टा थांबवायचा, अशी तपासणी प्रोग्रॅममध्ये लिहिलेली होती. तुमच्या कंपनीच्या कम्पायलरने प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवताना ती ओळच गाळून टाकली. पट्टा थांबला नाही आणि ऑर्विल नावाच्या कामगाराची तीन बोटं गेली. आता कोठारवाले समितीला विचारतायत, दोष कम्पायलरचा की प्रोग्रॅम लिहिणारीचा? उत्तर संपादकाने लिहायचं, म्हणजे मी.

बेरीज अशी आवाक्याबाहेर ओसंडली तर काय, यावर समिती दोन वर्षं भांडली. प्रत्येकाचं यंत्र वेगळं वागायचं, कोणी मागे हटेना. शेवटी सगळ्यांचे हात वर होतील असं वाक्य मी लिहिलं: अशा वेळी काय घडावं यावर हे मानक बंधन घालत नाही. मला म्हणायचं होतं, ज्याचं यंत्र जसं वागतं तसं वागू दे. तुम्ही त्याचा अर्थ लावलात, असं कधी घडतच नाही असं धरून चाला. घडतच नाही, तर तपासणी हवी कशाला? टाका काढून.

वाक्य माझं आहे. कच्चं होतं, कबूल. पण कच्ची वाक्यं पकडायला तर समितीने तुला नेमलं होतं. अकरा वर्षं मी नियम लिहिले आणि तू ते वाकडे वाचलेस. कागद हातात घेऊन म्हणायचास, "आयली, आज मी चोर आहे. कुठली खिडकी उघडी ठेवलीयस, बोल." पानंच्या पानं लाल व्हायची. मी चिडायचे, रडायचेसुद्धा, पण रात्री निर्धास्त झोपायचे.

ऑटाव्याच्या बैठकीत ते वाक्य असलेलं सहावं प्रकरण कोरं परत आलं.

"एकसुद्धा भोक नाही?" मी विचारलं.

"या वेळी तू जिंकलीस. कॉफी माझ्याकडून."

मी मूर्ख, दिवसभर हवेत होते. महिन्याभरात तू कम्पायलरच्या कंपनीत गेलास. वर्षभरात तुमचा कम्पायलर बाजारात सगळ्यांत वेगवान ठरला, आणि मी तुला अभिनंदनाचं कार्डही पाठवलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

कदाचित तुला तेव्हा ते दिसलंच नसेल, असं मी सहा आठवडे स्वतःला समजावलं. मग तुझं हे पत्र आलं. तुझ्याकडूनच शिकलेल्या नजरेने ते तीनदा वाचलं. "आम्ही एकही नियम मोडलेला नाही" असं लिहिलंयस. "तुला दोष देत नाही" असंही लिहिलंयस. "मला दिसलं नव्हतं" हे मात्र चार पानांत कुठेही नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तो प्रोग्रॅम कोरीनचा आहे. माझ्या कोरीनचा. तुझ्या मांडीवर बसून जिने पहिली बेरीज टाइप केली, तीच. परवा फोनवर म्हणाली, "आई, मी तपासणी लिहिली होती गं. तू सांग ना त्यांना, मी लिहिली होती." रसेल, मला सांगता येत नाही. आम्हाला काय म्हणायचं होतं ते समितीच्या उत्तरात चालत नाही. छापलंय काय, तेवढंच चालतं. हा आग्रह माझाच, पहिल्या बैठकीपासूनचा. लेकीसाठी तो मोडला तर पुढे या मानकातल्या एका ओळीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. तुला हे माहीत होतं, म्हणूनच उत्तर कधी येणार असं तू इतक्या शांतपणे विचारू शकलास.

उत्तर सकाळच्या टपालाने गेलं: मजकुराप्रमाणे कम्पायलर निर्दोष आहे. कोठारवाले सोमवारी कोरीनला काढून टाकतील. तिला अजून काही सांगितलेलं नाही. आज ती जेवायला येतेय, मासे भाजायला ठेवलेत. ती विचारेल, रसेलकाका आपल्या बाजूने बोलले का?

यापुढे मला पत्र लिहू नकोस. लिहायचंच असेल तर समितीच्या पत्त्यावर लिही. उत्तर मिळेल, आणि जेवढं विचारशील तेवढंच मिळेल.

आयली लाहटिनेन
संपादक, मानक समिती