सात पानांची फांदी

लखनौ, ९ फेब्रुवारी

प्रिय सुनंदा,

जय भीम. तुझ्या गुडघ्याची खबर तुझ्या लेकीकडून, स्वप्नाकडून कळते, त्यामुळे ते विचारत नाही. मी तुझ्यावर चिडले आहे, ते आधी लिहून टाकते. अकरा वर्षं तुझी बाग सांभाळणाऱ्या रामसुमेरला तू पुण्यात बसून माझ्या एका फोनवर काढून टाकलंस. त्याला एक शब्द विचारला नाहीस. ऑफिसात आपण शिपायाकडूनसुद्धा आधी खुलासा मागवत होतो.

मी फोनवर काय म्हणाले ते आठव. तुझ्या रावसाहेबांच्या पांढऱ्या गुलाबाची खरी फांदी गेली, उरलाय तो खालच्या खुंटाचा जंगली फुटवा. फांदी कोणी काढली हे मी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नाही, पण कुठे थांबायचं ते चांगलं शिकवलं.

मानक नगरच्या क्वार्टरमध्ये रावसाहेबांनी स्वतः जंगली खुंटावर पांढऱ्या गुलाबाचा डोळा बांधून केलेलं ते कलम. क्वार्टर पाडलं तेव्हा मूळ झाड गेलं, हे एकच राहिलं. रावसाहेब गेल्यापासून तू त्याच्याशेजारी खुर्ची टाकून चहा पितेस. म्हणून तर तू नसताना त्याच्याकडे बघायचं काम मी मागून घेतलं.

त्याची जुनी फांदी छाटणीनंतर वाळली होती. डिसेंबरात बुंध्यातून दोन फांद्या वर आल्या, एक साधी आणि एक लांब, तरतरीत. शाळेत बागकामाच्या सिस्टरनी शिकवलं होतं, पाच पानं कलमाची, सात पानं जंगली. मी मोजली. साधीवर पाच, लांब फांदीवर सात. रामसुमेर मला कितीदा म्हणाला असेल, "पत्ती मत गिनिए मेमसाहब, मिट्टी हटाकर देखिए, गाँठ के ऊपर से निकली है कि नीचे से." आठवी झालेल्या माणसाने मला शिकवावं? फुटवा कापला तर पुन्हा येतो, तो मुळापासून ओरबाडून काढायचा, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. हातमोजे चढवले आणि ओरबाडला.

तीन आठवड्यांनी उरलेल्या पाच पानी फांदीला गुलाबी फूल आलं. तेव्हा मी माती उकरली. ती फांदी कलमाच्या गाठीच्या खालून आलेली होती, म्हणजे जंगली तीच. गाठीच्या वर, जिथून मी ओढली होती, तिथे नुसती जखम. त्याच संध्याकाळी तुला फोन केला. आठवड्याभरात गल्लीतल्या आणखी तीन घरांनीही रामसुमेरचं काम बंद केलं.

काल शहराबाहेर, बख्शी का तालाबला, त्याच्या घरी गेले. मी फेकलेली फांदी त्याने दुसऱ्याच दिवशी कचऱ्यातून उचलली होती, ओल्या गोणपाटात गुंडाळून नेली होती आणि तिचे पाच डोळे घरच्या खुंटांवर भरले होते. दोन लागलेत. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीस, म्हणून मी त्याच्यावरच आवाज चढवला. तो म्हणाला, "हमसे किसी ने पूछा ही नहीं." त्याच्या बायकोने पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

तुला मी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा फिजिओथेरपीवर बोलून ठेवून दिला, म्हणून हे पत्र. फांदी मी काढली, सुनंदा. त्या तिन्ही घरी जाऊन हेच सांगून आले. त्यातल्या शर्मिष्ठाने फाटकातूनच परत पाठवलं, ठीकच केलं. पण माझ्या बोलावण्यावर रामसुमेर तुझ्या बागेत पाऊल ठेवणार नाही, तसं त्याने स्वच्छ सांगितलं. ती दोन रोपं मागायची माझी हिंमत झाली नाही. त्याला तू स्वतः फोन कर आणि तुझ्या वाट्याची माफी माग. माझी मी मागितली, त्याने ती घेतली की नाही हे कळलं नाही. वीस तारखेला तुझी गाडी आहे. स्टेशनवर मी यायचं की नाही, ते त्याच्याशी बोलून झाल्यावर कळव.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
मधुमती