मधल्या गावातलं घर

प्रिय पोरी,

फोनवर मी भलतंच काहीतरी बोलत बसते आणि तू ‘असू दे हो आई’ म्हणून विषय मिटवतेस. म्हणून आज लिहायला बसले. कागदावर मला मध्येच थांबवणारं कुणी नाही.

आधी इकडची खबर. वरच्या खोलीचं गळकं छत एकदाचं दुरुस्त झालं. गवंडी दोन दिवसांचं काम म्हणाला होता, त्याला नऊ दिवस लागले. शाळेने वाचनालयातली चाळीस पुस्तकं बांधायला पाठवली आहेत. मुलांनी त्यांची पार हाडं खिळखिळी करून टाकली आहेत. खळीचा वास आता पडद्यांनाही लागलाय. समोरच्या बेकरीवाल्या बाईंनी मला परस्पर मैत्रीण ठरवून टाकलं आहे. रोज सकाळी पाव देताना त्या माझ्या तब्येतीची चौकशी करतात आणि उत्तर द्यायच्या आत स्वतःच्या गुडघ्यांवर येतात.

काल पुस्तकं शिवताना आपण घर शोधत फिरलो ते चार रविवार आठवत होते. लग्नाला चार वर्षं झाली तरी तुम्ही दोघं शनिवार-रविवारचेच नवरा-बायको होतात. तुझं रुग्णालय खालच्या शहरात, त्याचं बसवाहतुकीचं ऑफिस वरच्या. माझ्या लेकाला तू ‘टाइमटेबल’ म्हणायचीस ते उगाच नाही. नकाशावर पट्टी ठेवून त्याने दोन्ही शहरांपासून सव्वा तासावरची चार गावं काढली आणि आपल्या दोघींना गाडीत घालून निघाला. पहिल्या गावात कातडी कमावण्याच्या कारखान्याचा वास होता. तू नाकाला रुमाल लावून ‘छान आहे’ म्हणालीस, त्याला वाईट वाटू नये म्हणून. दुसरं चित्रासारखं होतं, पण भर दुपारी रस्त्यावर माणूस दिसेना. तिसऱ्यात घरमालकाने आपल्याला चहा पाजला आणि मग सांगितलं की घर गेल्याच आठवड्यात दिलं. चौथं हे. कालवा, त्यावरचा दगडी पूल, दोन्ही काठांना झाडं, आणि पुलाच्या टोकाला दोन बायका कसल्याशा कुंपणावरून कडाकडा भांडत होत्या. तो म्हणाला, “आई, हे गाव घेऊन टाकू. इथे तुला करमेल.” तू इतकी हसलीस की गाडीच्या दाराला धरून उभी राहिलीस. तुला तसं हसताना मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

वरची खोली तुमची, खालची माझी आणि माझ्या पुठ्ठ्या-दोऱ्यांची, असं ठरलं. पहिल्या तारखेला यायचं होतं. तुझ्या वॉर्डात बदली माणूस मिळेना, म्हणून तू एक महिना मागून घेतलास. त्या महिन्यातले अकरा दिवस उरले असताना तो ऑफिसच्या जिन्यात कोसळला.

यापुढचं लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. सगळं आटोपून माणसं पांगल्यावर तू तुझ्या स्वयंपाकघरात कप विसळत होतीस. मी दारात उभी राहून म्हणाले, “तू महिना मागितला नसतास, तर वीस दिवस तरी तो त्या घरात राहिला असता.” तू वळून पाहिलं नाहीस. नळ बंद केलास, हात पुसलेस आणि मला विचारलंस, “तुम्ही गोळी घेतलीत का?”

तू घर सोडून देऊ म्हणालीस, मी हट्टाने राहायला आले. पुढच्याच शनिवारी तू आलीस. तेव्हापासून अडीच वर्षं एकही शनिवार चुकवला नाहीस. ताप अंगात असतानाही आलीस. माझी औषधं लावतेस, पाठीला मालिश करतेस, साडेचारच्या गाडीने जातेस. वरच्या खोलीच्या जिन्याकडे बघतसुद्धा नाहीस. आपण दोघी दुनियेभरचं बोलतो, त्या एका वाक्याबद्दल मात्र कधी नाही. मला वाटायचं, तू विसरलीस. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी मला त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्याचं हृदय आधीपासून कमजोर होतं, हे कुठेही, केव्हाही झालं असतं. म्हणजे मी ते बोलले तेव्हा मला ठाऊक होतं, पोरी. मला ते दुःख कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं आणि समोर तू होतीस. तुझी काही चूक नव्हती. हे मी तेव्हाच, त्याच दारात बोलायला हवं होतं. अडीच वर्षं माझी जीभ उचलली नाही.

आता आजच का लिहिते आहे ते सांगते. गेल्या शनिवारी तू चष्मा टेबलावर विसरून गेलीस. गाडी सुटायच्या आत गाठू म्हणून मी स्टेशनपर्यंत पाय ओढत गेले. तू फलाटावर नव्हतीस. बाहेर बाकावर होतीस, आणि तुझ्याशेजारी एक उंच, टक्कल पडायला लागलेला माणूस होता. त्याने तुझी पिशवी मांडीवर घेतली होती. तू त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतीस. मी तिकीटखिडकीच्या आडोशाला उभी राहिले. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. मी तशीच माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या बाईंना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ते होय? ते वर्षभर येतात की. तुमची सून तुमच्याकडे असते तेवढा वेळ आमच्या खिडकीत वाचत बसतात.” वर्षभर, पोरी. माझ्या दारापासून वीस पावलांवर एक माणूस तुझी वाट बघत बसतो आणि तू मला कळू देत नाहीस, कारण मी तुला गुन्हेगार ठरवून ठेवलं आहे. हे पत्र तुला मोकळं करायला लिहिलं आहे. शिक्षा म्हणून येत असशील, तर येऊ नकोस. मनापासून यावंसं वाटलं, तर त्याला घेऊन ये, माझ्या घरात बसव. त्याला पाहून मला बहुधा रडू येईल. त्याने ते मनावर घेऊ नये, एवढं त्याला आधी सांगून ठेव.

तुझीच,
आई